भांडण पाटीचं, दुखणं गुडघ्याचं

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं एक पत्र काढलं. फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये, त्यानं रुग्णांची दिशाभूल होते, असा त्याचा आशय. पत्रावर तारीख ९ सप्टेंबर. १० तारखेला त्याच कार्यालयानं, विषयाचा आणखी विचार व्हायला हवा असं सांगून, ते मागे घेतलं. सरकारी पत्राला इतकं अल्पायुष्य क्वचितच लाभतं. पण तेवढ्यात ठिणगी पडायची ती पडली. एका बाजूनं, एमबीबीएस न करता डॉक्टर म्हणवून घेणाऱ्यांचा उद्धार झाला. दुसऱ्या बाजूनं, आम्हीही वर्षानुवर्षं शरीररचना शिकतो, तुम्हाला गुडघा नीट तपासता तरी येतो का, अशी सव्याज परतफेड झाली. कोणी १९१६ चा वैद्यकीय पदव्यांचा कायदा काढला, कोणी संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीचा २०२१ चा कायदा पुढे केला. एवढ्या वादात गुडघा, कंबर, खांदा हे शब्द जवळजवळ आलेच नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. पाटीवर काय लिहायचं ते मंत्रालयानं किंवा न्यायालयानं सावकाश ठरवावं. दुखणाऱ्या माणसाच्या आयुष्यात त्यानं काडीचा फरक पडणार नाही. पुनर्वसन, म्हणजे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आठवडे न् आठवडे करून घेतलेला व्यायाम आणि हालचालीचं शिक्षण, याला आपण उपचार मानतो की उपचाराला जोडलेली सूचना मानतो, यानं मात्र फरक पडतो. आज आपण त्याला सूचना मानतो. 'ही गोळी सकाळ-संध्याकाळ, ही जेवणानंतर, आणि हो, थोडा व्यायाम करा.' डॉक्टरांचा वेळ, विम्याचे पैसे, सरकारी योजनांची तरतूद, सगळं त्या 'आणि हो'च्या आधी संपतं. हे उलटं झाल्याशिवाय सांधेदुखीचा प्रश्न सुटणार नाही, आणि ते उलटं करायला पदवीच्या भांडणातली एकही बाजू खरोखर झटत नाही.

दुखणं किती पसरलेलं आहे याचा अंदाज घ्यायला फार दूर जायला नको. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका उपक्रमात घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. त्यातल्या सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं निघालं. ज्याला आपण आमवात म्हणतो, तो सांधे वाकडे करणारा आजार होता अर्ध्या टक्क्याच्या आसपास. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या जवळपास. उरलेल्या मोठ्या गर्दीला मोठं नाव असलेला रोगच नव्हता. होती ती कंबर, मान, खांदा, टाच. म्हणजे वेदनेचा बहुतांश भाग असा आहे की त्यावर कापण्यासारखं काही नसतं आणि कायम गोळ्या देण्यासारखंही फार काही नसतं. जगभराचा हिशेब मांडला तर हाडं-स्नायूंच्या अशा तक्रारी असलेले लोक १७१ कोटी भरतात. या गर्दीला लागतो तो माणूस आपल्या व्यवस्थेत कुठे बसतो? जिल्हा रुग्णालयात, फार तर उपजिल्हा रुग्णालयात. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं पद सहसा नसतंच.

आता डॉक्टरांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. कंबर दुखते म्हणून आलेल्या शंभरांत एखाद-दुसऱ्याच्या मणक्यात क्षय असतो, कर्करोगाची गाठ असते, ठिसूळ हाडाचा दबून झालेला भंग असतो. आपल्या देशात मणक्याचा टीबी ही पुस्तकी गोष्ट नाही. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर काही तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. अशा माणसाला दहा दिवस शेक देत बसणं हा गुन्हाच. तिशीतल्या बाईची बोटं सकाळी तासभर आखडलेली राहत असतील तर तो आमवात असू शकतो, आणि मग तिला व्यायामाआधी मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागतं, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितके तिचे सांधे वाचतात. तेव्हा 'निदान कोण करणार?' हा प्रश्न अहंकारातून आलेला आहे असं म्हणून उडवून लावता येणार नाही.

पण या प्रश्नाचं उत्तर 'म्हणून फिजिओथेरपिस्टनं चिठ्ठीशिवाय हात लावू नये' असं निघतं का? धोक्याच्या या खुणा मोजता येण्यासारख्या आहेत, शिकवता येण्यासारख्या आहेत आणि शिकवल्याही जातात. ऑस्ट्रेलियात १९७६ पासून रुग्ण थेट फिजिओथेरपिस्टकडे जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये आता फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातच पहिल्या भेटीला फिजिओथेरपिस्ट बसवलेले आहेत. खूण दिसली की ते पुढे पाठवतात. तिथे काही अनर्थ ओढवला नाही. शिवाय आपल्याकडे डॉक्टरच्या हातचं निदान म्हणजे बहुतेकदा काय असतं हेही पाहायला हवं. गुडघा न चेपता, माणसाला चार पावलं चालायला न लावता, आधी एक्स-रे, मग एमआरआय. आणि त्या प्रतिमा काय सांगतात? ज्यांना कसलंही दुखणं नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या प्रतिमांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. चांगल्या धडधाकट माणसांच्या! प्रतिमेत झीज दिसली म्हणून ती दुखण्याचं कारण ठरत नाही, पण रिपोर्ट हातात पडला की माणूस वाकायचं सोडतो, बादली उचलायची सोडतो, हळूहळू जिना टाळायला लागतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेनं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, की वय, दुखण्याची तऱ्हा आणि सकाळच्या आखडण्याचा वेळ यांवरून झिजेच्या संधिवाताचं निदान होत असेल तर एक्स-रेची गरज नाही. आपल्याकडे एक्स-रे न काढणाऱ्या डॉक्टरबद्दल रुग्णच म्हणतो, 'यांनी नीट पाहिलंच नाही.' हा दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हे.

दुखतंय तर हलवू नका, ही समजूत आपल्या हाडीमाशी इतकी भिनलेली आहे की तिचा इतिहास थोडा पाहायलाच हवा. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचे अस्थिवैद्य होते. सांध्याला सक्तीची, अखंड, दीर्घ विश्रांती हा त्यांचा मंत्र. पाय स्थिर धरून ठेवणारा, त्यांच्या नावाचा स्प्लिंट आजही अस्थिरोग विभागात मिळतो. त्यांना हसण्याचं कारण नाही. त्यांच्यापुढे येणाऱ्या सांध्यांत क्षयाचे सांधे भरपूर होते, त्यावर औषध नव्हतं, आणि तशा सांध्याला स्थिर ठेवण्यात शहाणपण होतं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनिएर मोडलेलं हाडसुद्धा लवकर हलवावं असं सांगत होते, पण त्यांचं फारसं कोणी ऐकलं नाही. क्षयावर औषधं आली, सांध्यांचा क्षय मागे हटला, विश्रांतीचा मंत्र मात्र जागचा हलला नाही. तो साध्या कंबरदुखीला चिकटला. १९८६ मध्ये अमेरिकेत कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट करून एकाला दोन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस पडून राहायला सांगितलं. बरं होण्यात फरक पडला नाही. फक्त दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे कमी झाले. १९९५ मध्ये हेलसिंकीत तर असं दिसलं, की झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे, पलंगावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. याला तीस वर्षं झाली. आजही आपल्याकडे 'तीन आठवडे बेड रेस्ट, फळीवर झोपा, कमरेला पट्टा' हा सल्ला छापील चिठ्ठीवर मिळतो.

दुसरा मुद्दा शस्त्रक्रियेचा, आणि इथे व्यायामवाद्यांनी जरा नमतं घ्यायला हवं. गुडघेबदल ही वैद्यकशास्त्रानं माणसाला दिलेल्या उत्तम शस्त्रक्रियांपैकी एक आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये ज्या गटानं आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ आराखडा केला, त्यात मध्य प्रदेशातून गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे बदलले. पंतप्रधान परत चालायला लागलेले देशानं दूरदर्शनवर पाहिले, आणि मला वाटतं घराघरातली गुडघ्याच्या ऑपरेशनची भीती त्या दिवसांत निम्म्यानं तरी उतरली असेल. ज्या माणसाचा पाय धनुष्यासारखा वाकलाय, ज्याला रात्रीची झोप नाही, त्याला 'अजून व्यायाम करा' म्हणणं हा निव्वळ छळ आहे. काही निसर्गोपचारवाले, काही योगगुरू आणि थोडे फिजिओथेरपिस्टही हा छळ उत्साहानं करतात.

तरीही आकडे नीट वाचावेत. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये गुडघेबदलाला योग्य ठरलेल्या १०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. निम्म्यांचा गुडघा बदलला आणि वर १२ आठवड्यांचा व्यायाम, शिक्षण, आहाराचा सल्ला दिला. निम्म्यांना शस्त्रक्रियेशिवाय फक्त ते १२ आठवडे. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातल्या ८५ टक्के लोकांना जाणवण्याजोगा आराम होता आणि सरासरी आरामही दुप्पट होता. शस्त्रक्रिया जिंकली, यात वाद नाही. पण दुसऱ्या गटातल्या ६८ टक्क्यांनाही तो आराम मिळाला, आणि वर्षभरात त्यातल्या ५० पैकी फक्त १३ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. गंभीर गुंतागुंती एका बाजूला २४, दुसऱ्या बाजूला ६. हे सगळे असे लोक, की ज्यांना आपल्या शहरातल्या कुठल्याही रुग्णालयात पहिल्या भेटीतच ऑपरेशनची तारीख मिळाली असती. त्यांना दोन्ही वाटा समोर मांडून निवड करू द्यायला काय हरकत आहे? मात्र निवड करायची तर दुसरी वाट प्रत्यक्षात असायला हवी. पुण्या-नाशिकच्या चौकांत रोबोटनं गुडघा बदलण्याचे फलक दिसतात. बारा आठवड्यांच्या व्यायामवर्गाचा फलक मी तरी अजून पाहिलेला नाही.

वाट का नाही, त्याचं कारण पैशात आहे. आरोग्य विमा मुळात रुग्णालयात भरती होण्याभोवती बेतलेला. चोवीस तास खाट अडवली की पैसे सुटतात. गुडघा बदलायचा असेल तर प्रतीक्षाकाळ संपल्यावर दोन-तीन लाखांचं बिल मंजूर होतं. गुडघा बदलायची वेळ येऊ नये म्हणून तीन महिने आठवड्याला दोनदा जावं, तर त्याचा दावा बहुतेक पॉलिस्यांत बसतच नाही. एका बैठकीचे ५०० रुपये धरले तरी २४ बैठकांचे होतात १२,०००. दहाजणांचा वर्ग केला तर माणशी खर्च कितीतरी उतरेल. सरकारचं लक्षही वस्तूवर जातं. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणानं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा दीड लाखाच्या पुढे विकला जायचा, तो ५४,७२० रुपये अधिक कर एवढ्यावर आला. पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून त्याचा उल्लेख केला. चांगलाच निर्णय होता. पण धातूची किंमत उतरवली म्हणजे गुडघा वाकायला लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत मांडीचा स्नायू जागा करून, गुडघा रोज थोडा थोडा वाकवून घेतला नाही, तर तोच महागडा गुडघा आखडून बसतो. त्या सहा आठवड्यांचा भार कुटुंबावर. तालुक्याहून शहरात येऊन ऑपरेशन केलेला माणूस टाके काढल्यावर गावी जातो, आणि तिथे त्याला व्यायाम करून घेणारं कोणी भेटत नाही.

एक गोष्ट अस्थिशल्यचिकित्सकांच्या बाजूनं सांगायलाच हवी: स्वतःच्या कामाची सगळ्यात निर्दय परीक्षा त्यांनी स्वतःच घेतली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात झिजेचा संधिवात असलेल्या १८० जणांवर दुर्बिणीचा प्रयोग झाला. काहींचा गुडघा दुर्बिणीनं साफ केला, काहींचा फक्त धुतला, आणि काहींच्या कातडीवर नुसत्या चिरा देऊन शस्त्रक्रियेचं नाटक केलं. दोन वर्षं पाठपुरावा केला. तिन्ही गटांत फरक नाही. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेचं असंच नाटक रचलं. पुन्हा फरक नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांच्या गुडघ्यात कोणाला स्वतःच्या रक्तातलं प्लाझ्मा, कोणाला मिठाचं पाणी टोचलं. वर्षानंतर दोन्ही सारखे. यांतल्या प्रत्येक गोष्टीवर आपल्याकडे घरटी हजारो रुपये खर्च झाले आणि अजूनही होतात. व्यायामाकडे 'पुरावा काय?' असं भुवया उंचावून विचारणारा माणूस प्लाझ्माच्या इंजेक्शनाला तोच प्रश्न का विचारत नाही?

खरं तर पुराव्याचा प्रश्न व्यायामालाही विचारलाच पाहिजे, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर थोडं निराश करणारं आहे. झिजेच्या गुडघ्यावर व्यायामाचा परिणाम आपण समजत होतो त्यापेक्षा लहान आहे, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यानं सांगितलं. शिवाय लोक व्यायाम सोडून देतात. पहिला महिना उत्साहाचा, दुसरा पाहुण्यारावळ्यांचा, तिसऱ्यात लग्नसराई. मग एवढा आग्रह कशासाठी? एक म्हणजे 'लहान' कशाच्या तुलनेत, ते पाहा. ब्रिटनची तीच मार्गदर्शिका पॅरासिटामॉल नेहमीसाठी देऊ नका म्हणते, ग्लुकोसामिन देऊ नका म्हणते, हायलुरॉनिकचं इंजेक्शन देऊ नका म्हणते. गोळ्यांत उरतात त्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. साठीच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या माणसाच्या मूत्रपिंडाला आणि जठराला त्या काय करतात हे वेगळं सांगायला नको. व्यायामाचे जादाचे परिणाम मात्र साखर, रक्तदाब, तोल, झोप यांच्या बाजूनं जातात. वजनही धरा: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आणि दुसरं, लोक सोडून देतात ही तक्रार व्यायामाविरुद्ध नाही, ती देखरेखीच्या अभावाविरुद्ध आहे. याचा दाखला आपल्याच देशात आहे.

१९५९ मध्ये मद्रासच्या क्षय संशोधन केंद्रानं एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर क्षयाचा उपचार म्हणजे सॅनिटोरियम: मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी. मद्रासच्या संशोधकांनी निम्म्या रुग्णांना सॅनिटोरियमात आणि निम्म्यांना गर्दीच्या, अर्धपोटी घरांतच ठेवून तीच औषधं दिली. निकाल जवळजवळ सारखे. खाटा, इमारती, आहार यांपेक्षा औषध नियमित पोटात जाणं महत्त्वाचं ठरलं. त्यातून पुढचा धडा आला: बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो, म्हणून कोणीतरी समोर बसून त्या खायला लावल्या पाहिजेत. पुढे देखरेखीखालच्या उपचाराची पद्धत जगभर गेली तिचं मूळ इथे आहे. क्षयरोग्यानं गोळ्या सोडल्या म्हणून 'गोळ्यांचा उपयोग नाही' असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. समोर बसणारा माणूस नेमला. व्यायाम सोडणाऱ्याला मात्र आपण आळशी म्हणून मोकळे होतो. डेन्मार्कनं २०१३ पासून गुडघे आणि खुब्यांसाठी नेमकं तेच केलं: दोन वर्ग समजावून सांगण्याचे, बारा बैठका गटानं देखरेखीखाली व्यायामाच्या. त्यात यंत्र नाही, इमारत नाही. असते ती एक खोली, काही खुर्च्या, रबरी पट्टे आणि शिकलेला माणूस.

एक आक्षेप याहून अवघड आहे, आणि तो शहरातल्या चर्चेत कधीच येत नाही. बीडहून ऊसतोडीला गेलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. भातलावणीची बाई दिवसभर चिखलात कंबरेतून वाकलेली असते. तिला तुम्ही व्यायाम सांगता? तिच्या शरीराला कष्टाची कमी आहे का? आक्षेप रास्त आहे, आणि 'चालणं हाच उत्तम व्यायाम' म्हणणाऱ्या पुस्तिका इथे हास्यास्पद ठरतात. पण पुनर्वसन म्हणजे जिममधल्या उठाबशा नव्हेत. कष्ट शरीराला एकाच दिशेनं, एकाच स्नायूवर, विश्रांतीशिवाय भार देतात. पुनर्वसनाचं काम भार ओळखून तो वाटून देण्याचं आहे. या बाईसाठी पुनर्वसनाची सुरुवात उलट भार कमी करण्यापासून होते: लांब दांड्याचं खुरपं, मोळीचं लहान वजन, ओझं उचलण्याच्या पाळ्या, आणि तेवढे दिवस मजुरी बुडू नये याची व्यवस्था. मुकादमाशी आणि साखर कारखान्याशी बोलल्याशिवाय तिचा गुडघा बरा होणार नाही. हे काम कोणत्या पदवीत शिकवतात? खरं सांगायचं तर कोणत्याच नाही, आणि पदवीवरून भांडणाऱ्यांनी याची थोडी लाज बाळगावी.

आता फिजिओथेरपीच्या दुकानांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख त्यांची जाहिरात ठरेल. आपल्या शहरांत फिजिओथेरपी म्हणजे पुष्कळदा काय असतं? पडद्यामागे एक कॉट, दहा मिनिटं शेक, दहा मिनिटं करंट, पाच मिनिटं अल्ट्रासाउंडची मशीन, आणि 'दहा दिवसांचं पॅकेज घ्या, स्वस्तात पडेल.' रुग्ण निपचित पडलेला आणि मशीन काम करतंय. त्यानं बरं वाटतं, आणि संध्याकाळपर्यंत ते बरं वाटणं विरतं. याला पुनर्वसन म्हणता येत नाही. ब्रिटनची मार्गदर्शिका असे विजेचे उपचार झिजेच्या संधिवातासाठी देऊ नका असंच सांगते. ज्या व्यवसायाला स्वतंत्र मान हवा, त्यानं आधी मशीनमागून बाहेर येऊन रुग्णाला उभं करावं, घाम गाळायला लावावा, आणि सहाव्या आठवड्याला खुर्चीवरून हात न टेकता तीस सेकंदांत तो किती वेळा उठतो ते मोजून लिहून ठेवावं. तेलं-काढ्यांच्या बाजाराबद्दल एवढंच: मालिशनं बरं वाटत असेल तर खुशाल करावी, पण 'आयुर्वेदिक' म्हणून बिनलेबलच्या पुडीत स्टेरॉइड मिसळून विकणाऱ्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांची हाडं ठिसूळ केली आहेत, आणि त्यांच्या पाटीवरच्या 'डॉ.'वरून कोणी पत्र काढलेलं नाही.

पुनर्वसनाला आपल्या जगण्याशी जुळवून घेता येतं याचं सुंदर उदाहरण आपल्याकडे आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी असा कृत्रिम पाय केला, की ज्यानं अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, शेतात उतरता यावं. परदेशी पाय बुटात आणि खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. गुडघ्याच्या बाबतीत आपण असा विचार केलेला नाही. मांडी घालू नका, जमिनीवर बसू नका, भारतीय संडास वापरू नका, अशी नकारांची यादी आपण रुग्णाच्या हातात देतो. पंक्तीत खाली बसता न येणं, देवासमोर बसता न येणं, नातवाबरोबर जमिनीवर खेळता न येणं हे त्या माणसाच्या दृष्टीनं केवढं मोठं नुकसान आहे! जमिनीवरून सुरक्षित उठणं हे आपल्याकडे पुनर्वसनाचं पहिलं ध्येय असायला हवं, कारण म्हातारपणी पडल्यावर उठता येतं की नाही यावर पुष्कळ काही ठरतं.

'हे सगळं श्रीमंत देशांचं, आपल्याला परवडणार नाही' असं म्हणणाऱ्यांना मुंबई दाखवावी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ आली, मुलांचे पाय लुळे पडले, आणि त्या गरजेतून केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय शारीरिक औषध व पुनर्वसन संस्था आली. देश तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता. लहान मुलाचा पाय डोळ्यांदेखत लुळा पडतो तेव्हा सरकार हलतं. आजीचा गुडघा पंधरा वर्षांत सावकाश अडतो म्हणून कोणी हलत नाही.

नवं काही फार शोधायचंही नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर पुनर्वसन कर्मचारी आणि घरभेटी कागदावर आहेतच. ती पदं भरावीत. दर तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट नेमून त्यानं आठवड्याचे वार वाटून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दहा-बाराजणांचा वर्ग घ्यावा. धोक्याच्या खुणांची यादी भिंतीवर लावावी आणि खूण दिसली की त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावं. डॉक्टरांची रास्त भीती यानंच शमते. सांधेबदलाचे पैसे देणाऱ्या प्रत्येक योजनेनं पॅकेजमधली ठरावीक रक्कम शस्त्रक्रियेनंतरच्या बारा बैठकांसाठी वेगळी ठेवावी आणि त्या झाल्याची नोंद आल्यावरच रुग्णालयाला शेवटचा हप्ता द्यावा. विमा नियामकानं शस्त्रक्रियेआधीच्या देखरेखीखालच्या व्यायामाचा खर्च मूळ पॉलिसीत घ्यायला लावावा. विमा कंपन्यांना त्यात तोटा नाही, डेन्मार्कच्या आकड्यांवरून हिशेब त्यांनीच करून पाहावा. आणि हे सगळं आशाताईंच्या गळ्यात फुकट अडकवू नये. त्यांच्या पदरी आधीच भरपूर कामं आहेत आणि मानधनासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागलेलं आहे. वर्गाला माणसं गोळा करायची तर त्याचा मोबदला आधी जाहीर व्हावा.